पावशेर तूप आणि बारा जन्म: स्वप्नातला देव कसा समजून घ्यायचा

तुकोबांना गुरू भेटले ते स्वप्नात. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, राघवचैतन्य-केशवचैतन्य ही परंपरा सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी असं सांगितलं आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. तुकोबांनी हे सगळं एका अभंगात नोंदवून ठेवलं आहे. तिथी माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. आणि या पवित्र प्रसंगाच्या मधोमध ही ओळ येते: ‘भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी ॥’ गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं. काहीतरी अंतराय आला असेल, म्हणूनच ते घाईने निघाले असतील, अशी रुखरुख पुढच्या ओळीत आहे.

कीर्तनकार या तुपाचे निरनिराळे आध्यात्मिक अर्थ लावतात. मला ते तूप तूपच राहिलेलं आवडतं. गुरुकृपेची गोष्ट कोणी रचून सांगितली असती, तर विसरलेलं तूप त्याने पहिल्यांदा गाळलं असतं. मागितलेली वस्तू देता न येणं, माणूस अर्धवट बोलून निघून जाणं, जाग आल्यावर चुटपुट लागणं, हे अस्सल स्वप्नाचं रूप आहे. तुकोबांनी ते साफसूफ केलं नाही. धार्मिक स्वप्नांचा विचार करायला त्यांच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणं कठीण.

आजही घराघरांत हे प्रश्न असतातच. स्वप्नात देव आला, त्याला काय सांगायचं असेल? गेलेले आजोबा दिसले आणि दोन महिन्यांनी नातू झाला, तर तेच परत आले का? कधी न पाहिलेल्या वाड्यात मी सवयीने वावरत होते, तो मागचा जन्म असेल का? उत्तर म्हणून बहुतेकदा हाती येतात स्वप्नफलाच्या याद्या: साप दिसला तर अमुक, पाणी दिसलं तर तमुक. पण आपल्याकडच्या वैद्यांनी, वेदान्त्यांनी आणि संतांनी या प्रश्नांवर केलेला विचार या याद्यांपेक्षा कितीतरी सावध आणि खोल आहे.

आधी वैद्यांचं ऐकू. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात, स्वप्नाचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, अनुभवलं, मनातून मागितलं किंवा कल्पनेत रंगवलं, तेच स्वप्नात येतं, हे पहिले पाच. पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल देतं ते भाविक. वात, पित्त, कफ बिघडल्याने पडतं ते दोषज. त्यानंतर चरक स्पष्ट सांगतात की पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत. त्यांतून शुभ-अशुभ काढत बसू नये. दिवसाची स्वप्नं, फार छोटी आणि फार लांबलचक स्वप्नंही त्याच रांगेत. म्हणजे स्वप्नांना भविष्यसूचक मानणारा हा प्राचीन ग्रंथसुद्धा बहुतेक स्वप्नं आधीच बाजूला काढतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हणही पहिल्या पाचांचाच हिशेब सांगते.

देवाचं स्वप्न या सातांत कुठे बसवायचं? ज्या घरात रोज आरती होते, भिंतीवर विठोबाची तसबीर आहे, आजी हरिपाठ म्हणते, तिथे विठोबा दृष्टही आहे, श्रुतही आहे आणि प्रार्थितही आहे. तो स्वप्नात आला नाही तरच नवल. चरकांच्या मोजपट्टीने अशी बहुतेक स्वप्नं फळ न देणारी ठरतात. ऐकायला हे कठोर वाटतं. पण इथे ‘निष्फळ’चा अर्थ एवढाच की त्या स्वप्नावरून पुढचं काही वर्तवू नये. त्या स्वप्नाने माणसाच्या आत काय हललं, हा प्रश्न वेगळा. तो वैद्यांनी हाती घेतला नाही. संतांनी घेतला.

तुकोबांचा ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ हा आत्मचरित्रपर अभंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडवला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. लाज वाटली, दुःख झालं, मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. मग ते म्हणतात की काही ‘संतांचीं उत्तरें’ पाठ केली, विश्वासाने आणि आदराने. त्यानंतर येते ‘सत्य असत्याशीं मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥’ आणि तिच्या लगेच पुढची ओळ आहे ‘मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश । धरिला विश्वास दृढ नामीं ॥’

हा क्रम फार मोलाचा आहे. संतांची वचनं आधी पाठ झाली, स्वप्न नंतर आलं. म्हणजे स्वप्नाला लागणारी सामग्री जागेपणी जमा झालेली होती, आणि तुकोबा ते लपवत नाहीत. खरं-खोटं ठरवायला लोकमत नको, स्वतःचं मन साक्षीला हवं, असं म्हणणारा माणूस त्याच दमात स्वप्नातला उपदेश ‘मानला’ म्हणतो. ‘सिद्ध झाला’ म्हणत नाही. त्याने तो पारखून स्वीकारला आणि मग आयुष्यभर निभावला. त्या मानण्यातून पुढे हजारो अभंग उभे राहिले. वह्या बुडवायची वेळ आली तरी ते डगमगले नाहीत.

एकनाथांचं स्वप्नही असंच कामाला लावणारं आहे. ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. एकनाथ आळंदीला गेले. ज्ञानदेवांची समाधी १२९६ ची, आणि एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधल्या जवळजवळ तीन शतकांत नकलाकारांच्या हातून ग्रंथात पाठभेद आणि भेसळ शिरली होती. ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’ असं एकनाथ स्वतःच लिहितात. कवीच्या गळ्याला मुळी आवळते आहे, या चित्राचा याहून चपखल अर्थ मला दिसत नाही. आळंदीतल्या अजानवृक्षाखाली भाविक आजही पारायण करतात. पण त्या स्वप्नाचं खरं फळ म्हणजे आपल्या हातात असलेली ज्ञानेश्वरी.

वेदान्ताने हीच गोष्ट सूत्रात बांधली आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, एक सूत्र म्हणतं की स्वप्नसृष्टी केवळ माया आहे. जागेपणीच्या वस्तूंना लागणारी जागा, काळ, कारणं तिच्यात पुरी पडत नाहीत. झोपलेल्या माणसाच्या देहात रथ आणि रस्ते मावणार कुठे? पण लगेच पुढचं सूत्र म्हणतं, ‘सूचकश्च हि’, तरी ते सूचक असतं. शंकराचार्य भाष्यात हा भेद उलगडतात: स्वप्नाने सुचवलेली गोष्ट खरी असू शकते, सुचवणारं दृश्य मात्र खरं नसतं. स्वप्नात दिसलेला देव म्हणजे अंथरुणाशी येऊन गेलेला देव, असं मानायची सक्ती वेदान्त आपल्यावर करत नाही. आणि ते दृश्य टाकाऊ आहे, असंही म्हणत नाही.

झोपेचं शास्त्र या दृश्यांच्या घडणीबद्दल बरंच काही सांगतं. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळा टप्पा नोंदवला. त्यात बंद पापण्यांआड डोळ्यांची बुबुळं वेगाने हलतात. म्हणून त्याला रेम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. या वेळी मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात चालू असतात, आणि तर्क लावणारा, ‘हे कसं शक्य आहे?’ असं विचारणारा कपाळामागचा भाग बराचसा मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नात मेलेला माणूस समोर जेवायला बसला तरी आपल्याला काही खटकत नाही आणि त्याच्या एका शब्दाने आपण ढसाढसा रडतो. धार्मिक स्वप्नातली ती प्रचंड खात्री, ‘ते स्वप्न नव्हतंच, देव खराच आला होता’ ही भावना, या अवस्थेत सहज तयार होऊ शकते. खात्री किती पक्की वाटली यावरून स्वप्न किती खरं हे ठरत नाही.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, या समजुतीचं मूळही इथे सापडतं. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि रात्र सरते तसा त्यातला रेम झोपेचा वाटा वाढत जातो. पहाटे स्वप्नं लांब आणि भरघोस असतात, त्यातून थेट जाग येते, म्हणून ती लक्षात राहतात. रात्रीच्या पहिल्या प्रहरातलं स्वप्न अल्पफळ आणि ज्याच्यानंतर पुन्हा झोप लागली नाही ते महाफळ, असं चरकसंहितेतही आहे. निरीक्षण अगदी अचूक आहे. फळाचा भाग वेगळा.

आता पुनर्जन्माकडे वळू, आणि त्यासाठी संत बहिणाबाईंकडे जाऊ. या बहिणाबाई म्हणजे खानदेशातल्या ओव्यांच्या बहिणाबाई नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या, जन्म १६२८ चा. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. लहान वयात एका वयस्क ब्राह्मणाशी त्यांचं लग्न झालं आणि भटकत भटकत कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. त्यांचा जीव एका वासरावर होता. ते कीर्तनालाही त्यांच्यासोबत असे. ते वासरू मेलं, बहिणाबाई निपचित पडल्या, आणि त्या अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांना मंत्र दिला.

तुकोबा तेव्हा देहूत हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेलं नव्हतं. ब्राह्मण घरातल्या विवाहित बाईने शूद्र मानलेल्या वाण्याला गुरू करणं त्या काळी जागेपणी अशक्य होतं, आणि नवऱ्याचा त्यावरचा राग त्यांच्याच अभंगांत आहे. जे जागेपणी मागताही येत नव्हतं ते स्वप्नाने देऊन टाकलं. चरकांच्या भाषेत हे श्रुत आणि प्रार्थित स्वप्न, म्हणजे निष्फळ. पण याच स्वप्नाच्या बळावर एक बाई पुढे देहूला जाऊन तुकोबांसमोर उभी राहिली आणि मराठीतलं एक विलक्षण आत्मचरित्र अभंगांत लिहून गेली. स्वप्नाचं कारण सापडलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, हे मला बहिणाबाईंमुळे सगळ्यांत नीट कळतं.

त्याच बहिणाबाईंनी अखेरच्या दिवसांत आपल्या मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा. हे अभंग भाविक लोक खरी घटना म्हणून वाचतात, अभ्यासक आध्यात्मिक वाटचालीचं कथन म्हणून. त्यांच्या मागचा विचार गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. साधना अर्धवट राहिलेला योगभ्रष्ट पुन्हा चांगल्या घरात जन्मतो आणि त्याला ‘बुद्धिसंयोगं लभते पौर्वदेहिकम्’, म्हणजे मागच्या देहातली बुद्धीची ओढ परत मिळते. गाव, नाव, वाडा, नातेवाईक परत मिळतात असं तिथे लिहिलेलं नाही. ज्ञानेश्वर यावर लिहितात, ‘बाळपणींच सर्वज्ञता । वरी तयातें’. म्हणजे पुढे जातो तो कल, आठवणींचं गाठोडं नाही.

गीतेच्याच चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, तुझे आणि माझे अनेक जन्म झाले, मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत. अर्जुनासारख्याला आठवत नाहीत! विसर हाच नियम. पतंजलींच्या योगसूत्रांत मागच्या जन्मांचं ज्ञान येतं ते तिसऱ्या पादात, संस्कारांचा प्रत्यक्ष साक्षात्कार झाल्यावर, म्हणजे साधनेच्या फार वरच्या पायरीवर. स्वप्नाचा उल्लेख येतो पहिल्या पादात, मन स्थिर करायचं एक आलंबन, म्हणजे आधार, म्हणून. पतंजलींनी या दोन गोष्टी कुठेही जोडलेल्या नाहीत. ‘मला स्वप्नात मागचा जन्म दिसला’ या दाव्याला शास्त्राचा जो आधार आपण गृहीत धरतो, तो इतका पातळ आहे.

वारकरी परंपरेने तर पुनर्जन्माचा प्रश्न आणखी वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवला. नामदेव पांडुरंगासह तुकोबांच्या स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगितलं: ‘प्रमाणाची संख्या सांगे शतकोटी । उरले शेवटीं लावी तुका ॥’ नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता, तो पुरा कर. आणि तीच परंपरा तुकोबांना नामदेवांचा अवतारही मानते. आता अक्षरशः पाहिलं तर हे जुळत नाही. तुकोबाच नामदेव असतील, तर त्यांना जागं करायला आलेले नामदेव कोण? संप्रदायाला या प्रश्नाची अडचण कधी वाटली नाही, कारण दोन्ही गोष्टी एकच सांगतात: एकाचं उरलेलं काम दुसऱ्याकडे आलं. मोक्षाची घाईही तिथे नाही. संतसंग मिळणार असेल तर ‘गर्भवासीं सुखें घालावें आम्हासी’ असं तुकोबा देवाला सांगतात.

बौद्ध विचारात हा प्रश्न आणखी चमत्कारिक होतो. तिथे एका देहातून दुसऱ्यात जाणारा कायमचा आत्माच नाही, तरीही पुनर्भव आहे, कर्माच्या सलग प्रवाहातून. आणि बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पुढे बुद्ध होणाऱ्याच्या, शेवटच्या जन्माची वर्दी येते ती त्याच्या आईच्या, मायादेवीच्या, स्वप्नातल्या पांढऱ्या हत्तीने. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात ते स्वप्न रंगवलेलं आहे.

मग पुनर्जन्म खरंच होतो का, हा प्रश्न उरतो. त्यावर आधुनिक काळात सर्वाधिक चिकाटीने काम केलं ते व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी. १९६१ पासून ते भारतात येत राहिले. मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांची अडीच हजारांहून अधिक प्रकरणं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जमवली. त्यांतली मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान थांबतात. म्यानमारमध्ये आणि अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांत अशा मुलांच्या जन्माआधी आईला किंवा नातेवाइकाला मेलेल्या माणसाचं स्वप्न पडल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. आजोबांच्या स्वप्नाचा आपला प्रश्न तिथेही तसाच आहे.

त्यांच्या कामावरचे आक्षेपही वजनदार आहेत. संशोधक पोहोचण्याआधी बहुतेकदा दोन्ही घरं एकमेकांना भेटलेली असत. मूल आधी नेमकं काय म्हणालं आणि मोठ्यांनी नंतर त्यात काय भरलं, हे वेगळं काढणं अवघड होतं. शिवाय पुनर्जन्म मानणाऱ्या समाजातच अशी प्रकरणं जास्त सापडतात. आणि स्टीव्हन्सन स्वतः आपल्या प्रकरणांना पुरावा म्हणत नसत, पुनर्जन्म ‘सुचवणारी’ म्हणत.

महाराष्ट्रातलं एक प्रकरण याच संशोधनात गाजलं. १९७४ मध्ये नागपुरातली एक तिशीतली सुशिक्षित मराठी स्त्री मधूनमधून काही दिवस पूर्ण बंगाली होऊन जाई. बंगाली बोले, मराठी तिला समजत नसे आणि आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधल्या आहोत असं सांगे. तिने सांगितलेली नातेवाईक पुरुषांची नावं एका बंगाली घराण्याच्या वंशावळीशी बरीच जुळली. तिचं स्वतःचं नाव जुळवता आलं नाही, कारण वंशावळीत फक्त पुरुषांची नावं होती. दुसऱ्या बाजूला, तिला आधीपासून बंगालबद्दल ओढ होती आणि बंगाली वाचायचे धडेही तिने घेतलेले होते. ती भाषा तिला किती आणि कशी येत होती, यावर भाषातज्ज्ञांचं एकमत झालं नाही. हे प्रकरण कोणत्याही बाजूने मिटवून टाकण्याइतकं सोपं मला वाटत नाही.

वाचलेलं, ऐकलेलं स्मरणातून पूर्ण पुसलं जातं आणि वर्षांनी ‘नवीन’ म्हणून वर येतं, ही मनाची खोड मात्र चांगली ठाऊक झालेली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका गृहिणीने संमोहनाखाली आपण एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई असल्याचं सांगितलं आणि त्यावरचं पुस्तक धडाक्याने खपलं. नंतर वार्ताहरांनी शोधून काढलं की तिच्या लहानपणी शिकागोत समोरच्याच घरात जवळपास त्याच नावाची आयरिश बाई राहत होती. संमोहनाने माणूस सूचनेला फार बळी पडतो आणि आठवण व कल्पना यांची सरमिसळ होते. स्टीव्हन्सनसुद्धा संमोहनातून काढलेल्या मागच्या जन्मांवर भरवसा ठेवत नसत. आज शहरोशहरी पूर्वजन्मात नेण्याच्या नावाखाली पैसे घेतले जातात, तिथे जाण्याआधी एवढं तरी माहीत असावं. दुःखात असलेल्या माणसाला ‘मागच्या जन्मी तू अमुक पाप केलंस’ असं सांगणं हे मला निखळ क्रौर्य वाटतं.

स्वप्न पडलं असेल तर उठल्या उठल्या लिहून ठेवा, कोणाला सांगण्याआधी. सांगताना त्याची गोष्ट होते आणि विसरलेलं तूप गळून जातं. मग चरकांचे पहिले पाच प्रकार लावून बघा: हे कुठे पाहिलं, ऐकलं, मागितलं होतं? त्यानंतर तुमच्यापुढचं कुठलं टाळलेलं काम, कुठला अबोला, कुठली इच्छा त्या स्वप्नाने वर आणली, तिकडे लक्ष द्या. स्वप्नातला देव एखाद्याला इजा करायला, उपास करून जीव धोक्यात घालायला, औषध बंद करायला किंवा घर विकायला सांगत असेल, तर तो उपदेश ‘मानायचा’ नाही. तीच स्वप्नं रात्रीमागून रात्री घाबरवत असतील किंवा जागेपणीही आवाज ऐकू येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. त्यात देवाचा अपमान नाही.

आणि घरातलं तीन वर्षांचं पोर ‘माझी दुसरी आई’ म्हणू लागलं, तर घाबरू नका, रागावू नका, तोंडावर हातही ठेवू नका. ते जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह वहीत टिपा. पुढचे प्रश्न विचारून त्याच्या तोंडी नावं घालू नका. पाहुण्यांसमोर, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. शाळेत जायला लागल्यावर बहुतेक मुलं हे विसरतात. तोवर त्याला रोज जेवू घाला, खेळू द्या आणि या जन्मीची आई त्याच्याजवळ असू द्या.